पाइपमधून आलेल्या बायका

काच फुटली की आवाज होतो. त्यामुळे काचेची मला कधी फारशी भीती वाटली नाही. फुटते, शेजारचे दुकानदार डोकावून 'लागलं का कुठे' विचारतात, मी झाडू घेते आणि नवी काच कापायला बसते. मला भीती वाटते ती कागदाची आणि कापडाची. ती खराब होतात तेव्हा काही ऐकू येत नाही. आपण चहा पीत असतो आणि तेवढ्यात टेबलावरच्या फोटोतलं कुणाचं तरी नाक निघून गेलेलं असतं.

घाटकोपरला पूर्वेच्या बाजूला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. 'माझं' आता सवयीनं म्हणायचं. रोजचं काम भाचा बघतो आणि मी दुपारी जाऊन त्याच्या चुका काढते. दुकान मूळचं बाबांचं. त्यांना मुलगा नव्हता आणि मला शिवणक्लासला जायचं नव्हतं, म्हणून मी त्यांच्या हाताखाली उभी राहिले ती राहिलेच. बाई फ्रेम करते म्हटल्यावर, बाबा गेल्यानंतरही, लोक 'मालक कुठायत' विचारायचे. मी आत बोट दाखवायचे. आत बाबांचा हार घातलेला फोटो होता.

या अंकासाठी दुकानातले गमतीदार अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं. तसे आहेत. एका गृहस्थांनी मोठं पेंटिंग आणलं आणि एसीखाली मावत नाही म्हणून वरून चार बोटं कापून मागितलं. वरच्या चार बोटांत डोंगर होता. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला आणि मला म्हणाले, "डोंगर गेला तर चालेल, नदी राहू द्या." एका आजींनी नवऱ्याच्या फोटोची फ्रेम पुन्हापुन्हा बदलून घेतली, कारण कुठल्याही फ्रेममध्ये तो रागावलेलाच दिसायचा. मी शेवटी त्यांना विचारलं, "हसायचे का कधी?" त्या विचारात पडल्या आणि फोटो घेऊन गेल्या.

पण असं काही लिहायला बसले की मला आठवतं ते मारिसेलचं प्रकरण. त्यात गंमत थोडीच आहे. त्या दिवसांत मी इतकी घाबरलेली होते की जेवताना घास हातात राहायचा.

आधी धंद्याचं थोडं सांगते. फ्रेम करणं म्हणजे चार पट्ट्या कोपऱ्यात जुळवणं, असं लोकांना वाटतं. ते कुणालाही लवकर जमतं. खरं काम असतं ते वस्तूंना एकमेकींपासून लांब ठेवण्याचं. फोटो काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो आणि मग सोडवताना त्याची कातडी काचेवर राहते. म्हणून मध्ये जाड कागदाची पट्टी घालून जरा फट ठेवायची. लोकांना ती पट्टी शोभेची वाटते. चित्र गुंडाळायचं झालं तर रंगाची बाजू बाहेर ठेवायची आणि मध्ये बटर पेपर घालायचा. घरी सगळे नेमकं उलटं करतात. रंगाला धक्का लागू नये म्हणून रंग आत घेतात आणि घट्ट आवळतात. जितकी माया जास्त, तितकं घट्ट.

मारिसेल आली ती दुपारी, खांद्यावर राखाडी प्लास्टिकचा पाइप घेऊन. न्हाणीघराला लावतात तसला, हातभर लांब, दोन्ही टोकांना टोपणं आणि वरून काळी टेप. ठेंगणी, पस्तिशीची, पंजाबी ड्रेसमधली बाई. चेहऱ्यावरून मला मणिपूर-नागालँडकडची वाटली. मी हिंदीची जुळवाजुळव करते आहे तोवर तिनं पाइप टेबलावर आडवा केला आणि म्हणाली, "ताई, ह्या उघडूक व्हया. माका जमणा नाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला त्याची सवय असावी.

"मी फिलिपिन्सची," ती म्हणाली. "सासू देवगडची. मराठी तिनाच शिकवल्यान."

तिचा नवरा संजय तावडे मालवाहू जहाजांवर फिटर आहे. जहाजावर फिलिपिनो खलाशी पुष्कळ असतात. त्यातल्या एकाच्या लग्नाला संजय त्याच्या गावी गेला आणि नवरदेवाच्या मामेबहिणीच्या प्रेमात पडून आला. लग्न तिकडेच झालं. इकडून कुणी जाऊ शकलं नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या विहिणी एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. मारिसेल सासूबरोबर मुलुंडला राहते आणि वर्षातला बराचसा काळ नवऱ्याची वाट बघते.

पाइपात तिच्या आईनं काढलेली पाच चित्रं होती. आई कुठे शिकलेली नव्हती. समुद्राकाठचं गाव, मच्छीमारांच्या होड्या रंगवून उरलेला रंग, पिठाच्या पोत्यांचं उसवून धुतलेलं कापड. त्यावर ती गावातल्या बायका काढायची. एकदा मोठं वादळ आलं आणि किनाऱ्यावरची घरं गेली. लोक टेकडीवरच्या चर्चमध्ये राहत होते, बायका भिंतीकडे तोंड करून बसून असायच्या, तेव्हा आईनं घर सोडताना उचललेली ती चित्रं त्यांच्यासमोरच्या भिंतीवर टांगली. 'बघा, ह्या तुम्ही,' असं म्हणाली म्हणे. पुढे दोन वर्षांनी आई आजारपणात गेली. संजय तेव्हा जवळच्या बंदरात होता. तो धावतपळत गेला, चर्चमधून चित्रं उतरवून घेतली आणि खलाशी माणूस असल्यामुळे समुद्राचा एक थेंब आत जाणार नाही अशी ती बंद करून घरी आणली. तेव्हापासून पाइप स्वयंपाकघराच्या माळ्यावर पडून होता. भाड्याच्या खोलीत भिंत मोकळी नव्हती. आता मुलुंडला स्वतःचा फ्लॅट झाला, हॉलमध्ये भिंत मिळाली, आणि मारिसेलनं टोपण काढलं, पण आतली गुंडाळी सुटेना.

"चार चितरांचा काय नाय," ती म्हणाली. "फाटली तरी चालतील. पण एकात आई आसा. तिना स्वतःक एकदाच काढल्यान."

"फोटो असतील ना तिचे?"

तिनं मान हलवली. होते ते घरात होते आणि घर वादळात गेलं. आईला नंतर कुणी फोटो काढून घे म्हटलं तर ती तोंड फिरवायची. मारिसेल म्हणाली, हल्ली आईचा चेहरा आठवायला गेलं की कधी मावशीचा येतो, कधी शेजारणीचा. "ताई, माका भय वाटता," ती म्हणाली आणि पाइप माझ्याकडे सरकवला.

मी टोपण काढलं आणि दोन पावलं मागे झाले. आतून डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. ट्रंकेत रेशमी साड्यांमध्ये ठेवतात त्याच गोळ्या. मूठभर तरी घातल्या असतील. बहुतेक विरून गेल्या होत्या, तळाशी चार-पाच खडे उरले होते. गुंडाळी बाहेर काढली तर ती गुंडाळी राहिलीच नव्हती. लाकडाचा ओंडका असावा तशी घट्ट. कापडाचा एक पदरही सुटा नव्हता.

काय झालं असणार ते मला तिथल्या तिथे कळलं. डांबरगोळी हवेत विरते आणि तिची वाफ रंगाला मऊ करते. उघड्या कपाटात ती निघून जाते. इथे टेप लावलेला पाइप होता, ती जाणार कुठे? त्यात हा पाइप स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, खाली गॅस. होडीचा रंग पुन्हा ओला झाल्यासारखा होऊन एका चित्राचा दुसऱ्याच्या पाठीला बसला होता.

"गोळ्या कुणी घातल्या?" मी विचारलं.

मारिसेलनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "माका ठाऊक नाय." मग लगेच म्हणाली, "होतला ना ह्या?"

मी 'बघू' म्हणाले. हा आमच्या धंद्यातला शब्द आहे, 'नाही' म्हणायची हिंमत नसते तेव्हाचा.

ती गेल्यावर मी तो ओंडका टॉवेलवर ठेवला. हात लावायची हिंमत होईना. वांद्र्याला एक बाई राहतात, त्यांनी आयुष्यभर जुन्या चित्रांची डागडुजी केली. त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू त्या मुलीला हो म्हणालीस?"

"बघू म्हणाले."

"मीही तेच म्हणाले असते," त्या म्हणाल्या. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे त्या स्वतः करू शकत नव्हत्या, पण रीत त्यांनी नीट समजावली. आधी वास जाईपर्यंत सावलीत हवेशीर ठेवायचं, म्हणजे रंग परत घट्ट होईल. मग गारठवायचं. थंडीनं रंग कडक होतो आणि पकड सोडतो. तेवढ्या थोड्या वेळात बाहेरून एकेक पदर सोलत यायचं. फार गारठलं तर रंगाचे तुकडे पडतील, कमी गारठलं तर फाटेल. "आणि कधी ओढायचं ते कसं कळेल?" मी विचारलं. "ते मलाही आधी कळायचं नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. खोटा का होईना, त्यांनी धीर द्यायला हवा होता.

ओंडका मी जाळीवर ठेवला आणि पंखा चालू केला. सगळं दुकान ट्रंकेसारखं वासाडलं. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून बोलायची. मी सकाळी आल्या आल्या वाकून वास घ्यायचे. वास कमी झाला की बरं वाटायचं आणि लगेच धडकी भरायची, कारण वास संपला की मला हात घालावा लागणार होता.

त्या दिवसांत एका सकाळी नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई दुकानाची पायरी चढल्या. हातात पिशवी, पदर दोन्ही खांद्यांवरून. मी स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत. पंख्याखालच्या ओंडक्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मी मारिसेलची सासू," त्या म्हणाल्या. "तिका सांगू नको मी इल्लंय म्हणान."

"नाही सांगत, मावशी. बसा तरी."

"खराच सांग हां, बाय. ह्या गोळ्यांनी झाला?"

मला सांगता आलं असतं की वय झालं रंगाचं, हवाच वाईट. पण बाबांनी मला गिऱ्हाइकाशी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं आणि माझी जीभ आधीच फटकळ. "हो," मी म्हणाले. "गोळ्यांनी, आणि गॅसवरच्या माळ्यानं, आणि तुमच्या मुलानं आवळून बांधलं त्यानं. तिन्ही मिळून."

त्या मग बसल्या. "तेका कसर लागात म्हणान टेप सोडून मी घातलंय," त्या म्हणाल्या. "विहिणीची वस्तू. आमच्या घरात नासली तर तिका काय वाटात? माझ्या लग्नाच्या शालूत घातलंय तशेच घातलंय." बोलताना त्यांचा हात पिशवीच्या बंदाशी सारखा चाळा करत होता. "चेडू सात समुद्रापलीकडसून इला. माका आये म्हणता. तिच्या आवशीचो चेहरो मी पुसलंय तर ती माका तोंड दाखवीत?"

मी त्यांना पाणी दिलं. खरं सांगून मी काय मिळवलं, असं वाटत राहिलं. त्या वयाच्या बाईला तेवढं एक खोटं देता आलं असतं. जाताना त्यांनी पुन्हा बजावलं, "तिका सांगू नको," आणि जाळीकडे बघून हात जोडले. मला कळेना की त्यांनी हात जोडले ते मला, चित्रांना, की कधी न भेटलेल्या विहिणीला.

वास गेला. आता थंडीची सोय हवी होती. माझ्या घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एका मटारच्या पिशवीनं भरतो. आमच्या शेजारी हसमुखभाईंचं कुल्फीचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे आडवा मोठा डीप फ्रीझर. मी ओंडका प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं की जुनी चित्रं आहेत, थोडा वेळ ठेवायचीत. हसमुखभाई कांदा-लसूणही न खाणारे.

"बेन, ये पेंटिंग किधर का है?"

"फिलिपिन्सचं. समुद्राकाठच्या गावातलं."

"इसमें मच्छी-वच्छी तो नहीं है ना?"

मला खोटं बोलता येत नाही हा माझा शाप आहे, आणि एका चित्रात मासळी बाजार आहे हे मारिसेलनं सांगितलं होतं. "काढलेली आहे," मी म्हणाले. "टोपलीत. खरी नाही."

त्यांनी फ्रीझरचं झाकण उघडलं. मग केशर-पिस्त्याचे डबे एका बाजूला सारले आणि मधे पुठ्ठा उभा केला. "इस साइड आप का मच्छी, उस साइड मेरा कुल्फी," ते म्हणाले. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

सोलायच्या दिवशी मी भाच्याला बाहेर बसवलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मारिसेलला बोलावलं होतं. माझ्या हातून काय होतंय ते तिच्यासमोर व्हावं, मागाहून सांगायची पाळी येऊ नये. ती सासूला बरोबर घेऊन आली. मावशींनी मला ओळख दिली नाही, मीही दिली नाही. त्या दाराशीच शटरखाली उभ्या राहिल्या, पदर तोंडावर धरून. आपल्या श्वासानंसुद्धा काही होईल असं त्यांना वाटत असावं.

संजयनं चित्रं एकावर एक गुंडाळली होती, रंगाची बाजू आत. म्हणजे प्रत्येक चित्राचा रंग त्याच्या आतल्या चित्राच्या पाठीला चिकटलेला. बाहेरून सुरुवात करायची. माझ्याकडे बांबूची एक चपटी पट्टी आहे, घासून घासून कागदाइतकी पातळ केलेली. ती कडेला घातली आणि कापडाचं टोक धरलं. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग टिक असा बारीक आवाज झाला आणि बोटभर कापड सुटलं.

पहिलं चित्र भात लावणाऱ्या बायकांचं निघालं. ओळीत वाकलेल्या, पाण्यात पाय, प्रत्येकीची टोपी वेगळ्या रंगाची. मधल्या दोघींची डोकी गेली होती. पुन्हा फ्रीझर, पुन्हा थांबणं. दुसऱ्यात मासळी बाजार, कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या बाया. हे वाचलं होतं जवळजवळ सगळं. आमच्या भाऊच्या धक्क्यावरची एखादी कोळीण आणून उभी केली असती तर त्यांच्यात खपून गेली असती. तिसऱ्यात मिरवणुकीला निघालेल्या मुली, पांढरेशुभ्र झगे, खांद्यावर फुलपाखराच्या पंखांसारख्या उंच कडक बाह्या. पंखांची टोकं निघून आतल्या चित्राच्या पाठीवर राहिली होती. प्रत्येक चित्र सुटलं की मारिसेल मान पुढे करायची आणि मागे घ्यायची. तीन झाली आणि आई अजून आली नव्हती.

उरली दोन. सगळ्यात आत कुठलं घातलं ते संजयनं मारिसेलला सांगितलं होतं, वादळानंतरच्या नाताळात चांदणीसारखे कंदील बांबूला लावून किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायका. चर्चमध्ये लोकांना सगळ्यात आवडायचं ते. म्हणजे त्याच्यावर गुंडाळलेली ती आई.

मी फ्रीझरमधून उरलेली गुंडाळी आणली तेव्हा माझे हात गारठले होते. मी मारिसेलला विचारलं, "थांबू या का? वांद्र्याच्या बाईंकडे जाऊन..."

"नको," ती म्हणाली. "आता नाय तर माझ्यान बघवचा नाय."

कडा सुटली. निळा झगा दिसला, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात, नखांखाली अडकलेला रंगसुद्धा तिनं काढला होता. मान दिसली. तिथून पुढे कापड हलकं लागायला लागलं. आमच्या कामात हात आधी ओळखतो. सुटतंय ते फार सहज सुटतंय, म्हणजे रंग कापडाबरोबर येत नाही, मागे राहतोय. मी थांबले. थांबून काही उपयोग नव्हता, अर्धा चेहरा गेला होता आणि राहिलेला तसा ठेवता येत नव्हता. मी डोळे मिटले नाहीत एवढंच. उरलेलं कापड सोलून घेतलं आणि टेबलावर उलगडलं. निळ्या झग्यातली, हात खुर्चीवर ठेवून बसलेली बाई. मानेच्या वर उघडं कापड, पिठाच्या पोत्याचं, मळकट.

मी म्हणाले, "गेला गं." दुसरं काही सुचलं नाही.

दाराशी मावशी मटकन खाली बसल्या. मला वाटलं आता मारिसेल रडेल, ओरडेल, सासूकडे वळून काहीतरी बोलेल. मी त्याचीच वाट बघत होते. ती काही करेना, म्हणून मी वर बघितलं. ती त्या चित्राकडे बघतच नव्हती. ती बघत होती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या शेवटच्या गुंडाळीकडे.

गुंडाळीच्या बाहेरच्या अंगाला, कंदीलवाल्या बायकांच्या चित्राच्या पाठीवर, तो चेहरा बसला होता. रंगाचा पातळ थर, ठिकठिकाणी विरळ, खालून कापडाचे धागे दिसत होते. पण कपाळ होतं, नाक होतं, जरा उघडे ओठ होते. छाप उलटी पडते, ती पडली होती. मान ज्या बाजूला कलली होती त्याच्या विरुद्ध बाजूला कललेली. मी धसकलेच. एवढासा थर, फुंकर मारली तर उडेल, आणि त्यात उलटा. मुलीला आई हवी होती आणि मी तिला उलटी आई देत होते.

"उलटं आलंय," मी चाचरत म्हणाले. "मी वांद्र्याच्या बाईंना विचारते, परत सुलटं करता आलं तर..."

मारिसेलनं हात वर करून मला गप्प केलं. मग तोच हात आपल्या उजव्या गालावर ठेवला.

"तीळ," ती म्हणाली. "आईक हयसर तीळ होतो. उजव्या गालार. चितरात तो डाव्या गालार. मी ल्हान होतंय तेव्हा तिच्याशी भांडलंय, तू चुकलंस म्हणान. ती म्हणाली, मी काय करू, माका आरसो असाच दाखवता."

मला समजायला जरा वेळ लागला. आईनं स्वतःला आरशात बघून काढलं होतं. आरशात दिसते तशी ती उलटी त्या कापडावर बसली आणि चर्चच्या भिंतीवरही उलटीच राहिली. आता पुन्हा एकदा उलटली होती. तीळ उजव्या गालावर आला होता.

मारिसेल टेबलाशी वाकली, तोंडावर हात धरून, श्वास लागू नये म्हणून. आपल्या भाषेत खूप हळू काहीतरी बोलली. मग ती दाराशी गेली आणि जमिनीवर बसलेल्या सासूला दोन्ही दंडांना धरून उठवायला लागली. मावशी येईनात. पदरानं तोंड झाकून म्हणत होत्या, "नको गो, माका नको नेव, गोळ्ये मीच घातललंय, मीच घातललंय."

"माका पयल्या दिसापासून ठाऊक आसा, आये," मारिसेल म्हणाली. "घरात गोळ्ये आणखी कोण आणता?"

तिनं त्यांना ओढत टेबलापाशी आणलं, तोंडावरचा पदर बाजूला केला आणि त्या चेहऱ्यासमोर उभं केलं.

"आई, ही माझी सासू," ती म्हणाली. ह्या खेपेला मालवणीत, मावशींना कळावं म्हणून. "हिच्यामुळा तू माका दिसलंस."